पोलादी पट्टीवरचा अंगठा

४ फेब्रुवारी

प्रिय भोंगाबाई,

फोन करणार होतो, पण मागच्या वेळी आपण दोघं मिळून अकरा मिनिटं खोकलो आणि चार मिनिटं बोललो. त्यापेक्षा पत्र बरं. कागदाला ठसका लागत नाही.

परवा दवाखान्यात तू व्हरांड्याच्या त्या टोकाला, मी या टोकाला, आणि मध्ये नर्सबाईंचा डोळा. आपल्यासारख्या दोन छात्यांनी जवळ बसायचं नाही, एकीचे जंतू दुसरीला, हे मला पाठ आहे. पण तू बाकावर बसून रडत होतीस आणि मला साधा रुमाल देता आला नाही, ते काही बरं वाटलं नाही. म्हणून घरी येऊन डोकं चालवलं.

दोघांना एक-एक बाटली मिळालीय. महिन्याला साठ गोळ्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. काही जणांच्या बाटलीत खरं औषध, काहींच्या साध्या गोळ्या. कुणाच्या काय, ते डॉक्टरांनाही सहा महिन्यांनंतरच कळणार. साध्या गोळ्या निघाल्या त्यांना पुढे खरं औषध मिळेल, हे कबूल. पण तूच म्हणालीस, "दादा, सहा महिन्यांनी मला माइकसमोर बसू देतील का?"

तर माझा बेत असा. दर महिन्याला मी माझ्या तीस गोळ्या तुला पोस्टाने पाठवतो, तू तुझ्या तीस मला पाठव. सकाळची स्वतःची, संध्याकाळची दुसऱ्याची. खरं औषध ज्याच्या बाटलीत असेल त्याचं असो, अर्धं अर्धं दोघांनाही मिळेल. एक पूर्ण वाचून एक पूर्ण वाया जाण्यापेक्षा हे बरं. नियमात बसत नाही, माहीत आहे. आपण दोघंही तशी कुठल्याच मापात न बसणारी माणसं.

पहिल्या तीस सोबत पाठवल्यात. दोनदा मोजल्यात.

तुझा
घड्याळदादा


१२ फेब्रुवारी

घड्याळदादा,

तुझ्या गोळ्या पोचल्या. तुझं अक्षर इतकं बारीक की पत्र वाचायला तुझंच भिंग मागवावं लागेल!

मी खरंच रडत होते आणि नर्सबाईंना वाटलं सर्दी झाली, म्हणून त्यांनी मला अजूनच लांब बसवलं. दादा, सख्खा भाऊ असता तरी त्याने असं सुचवलं नसतं. सख्ख्यांना आपला वाटा बरोबर कळतो. माझ्या तीस उद्याच्या टपालाने निघतील.

आता माझं माप सांगते. बस स्थानकात बारा फलाट. "एक क्रमांकाच्या फलाटावर लागलेली गाडी" इथून सुरुवात. पूर्वी मी एका दमात सात फलाट सांगायचे. आता तीन होतात, मग थांबून श्वास. लोकांना वाटतं माइक बिघडला. परवा साहेब म्हणाले, "बाई, तुमच्याऐवजी टेप लावूया का?" हसत म्हणाले. पण हसत म्हणालेलंच मला जास्त टोचतं.

दवाखान्यातल्या फुंकणीच्या यंत्रापुढे त्या बाई "अजून, अजून, अजून, सोडू नका!" करून ओरडतात ना, तसं कुणी माझ्या कानाशी दिवसभर ओरडायला हवं.

तुझी
भोंगा


२२ मार्च

भोंगाबाई,

तुझी दोन्ही महिन्यांची पाकिटं मिळाली. तू कागदाच्या पुड्या काय छान बांधतेस! मी तर बाटलीतून काढून रुमालात गुंडाळल्यासारख्या पाठवतो.

तुझं माप कळलं. आता माझं ऐक. माझे वडीलही घड्याळंच दुरुस्त करायचे. लहानपणी मी त्यांच्या मेजावरच्या ज्या स्क्रूला हात लावीन तो आठवड्यात तांबडा व्हायचा. ते मला रागवायचे, मग चिंतेत पडले, मग डॉक्टरांकडे घेऊन गेले. आपल्या या आजारात छातीत गोंद साचतो आणि घामात मीठ जास्त, हे डॉक्टरांच्या आधी त्यांच्या हत्यारांना कळलं. आजही मी बोटांना रबरी टोप्या घातल्याशिवाय घड्याळ उघडत नाही.

तर मी दर रविवारी पोलादाची एक घासलेली पट्टी घेतो, तिच्यावर उजवा अंगठा दाबतो आणि ओल्या कापसाशेजारी डब्यात चार दिवस ठेवतो. फेब्रुवारीच्या पहिल्या पट्टीवर अंगठा असा तांबडा उठला होता की सरकारी कागदावरही चालला असता. या गुरुवारी डबा उघडला तर शोधावा लागला. भिंग लावून शोधला!

अगं, लागू पडतंय! कुणाच्या बाटलीतलं ते देव जाणे. मला जाणूनही घ्यायचं नाही. मी दुकानात एकटाच टाळ्या वाजवत होतो आणि समोर एक गिऱ्हाईक बंद घड्याळ घेऊन उभं. त्यांना वाटलं असेल, यांचंच काहीतरी बिघडलंय.

तुला काही फरक?

घड्याळदादा


५ एप्रिल

दादा,

घाईत लिहितेय. फरक आहे! पाच फलाट! भूकही लागते. आई म्हणते, पोरगी आता ताटात बघून जेवते. मला तर पहिल्याच आठवड्यात वाटलं होतं की काहीतरी आत सैल झालंय.

या महिन्याच्या तीस सोबत आहेत.

भोंगा


३ मे

भोंगाबाई,

तीन महिन्यांची तपासणी झाली. हातावर ती चकती बांधून घाम काढला, छोट्याशा नळीत भरला आणि त्यातलं मीठ मोजलं. सुरुवातीला आकडा एकशे आठ होता. आता सेहेचाळीस! साठच्या वर आपला आजार, हे आपल्याला जन्मापासून ऐकवलेलं. मी साठच्या खाली आलोय. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

फुंकणीही अठ्ठेचाळीसवरून एकोणसाठ टक्क्यांवर. त्या बाई ओरडायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा फुंका, यंत्र चुकलं असेल." पुन्हा तेच आलं.

अर्ध्या औषधात एवढं, तर पूर्ण मिळालं तर काय होईल!

डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट बजावली. ज्यांच्या बाटलीत खरं औषध होतं त्यांचा आजचा आकडा सहा महिन्यांनीही टिकला पाहिजे. टिकला तर औषध पुढे कायमचं. परत वर गेला तर या शरीरावर औषध टिकत नाही असं धरून नाव कमी. म्हणजे आता तीन महिने शहाण्यासारखं वागायचं.

सोबत माझी चकचकीत पट्टी आहे, बघायला. आणि तीन कोऱ्या, तुझ्यासाठी. एकीवर तुझा अंगठा दाब, चार दिवस ठेव, मला पाठव. तुझा घामाचा आकडाही कळव. दोन्ही पट्ट्या मी दुकानात घड्याळांच्या मध्ये टांगणार आहे.

घड्याळदादा


२१ मे

घड्याळदादा,

उशीर झाला, माफ कर. पत्र लिहायला बसत होते आणि उठत होते.

तुझी पट्टी खूप वेळ हातात धरून बसले. तुझा सेहेचाळीस वाचून आनंद झाला. खरंच झाला. माझा बावन्न आला. माझी पट्टी सोबत आहे, बघ, तीही साफ.

एक विचारू? समजा आपल्यातल्या एकाला कळलं की खरं औषध आपल्या नाही, दुसऱ्याच्या बाटलीत आहे, तर त्याने काय करायचं? तू म्हणशील, काहीच नाही, वाटणी आहे तशी चालू ठेवायची. बरोबर ना?

या महिन्याच्या तीस पाठवल्यात. यापुढे कधी चुकणार नाही, शपथ.

भोंगा


४ जुलै

भोंगाबाई,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी मागेच दिलं होतं, तेच पुन्हा. वाटणी आहे तशी. आणि शपथ कसली घेतेस? तू एकदाही चुकलेली नाहीस. तुझी पाकिटं तर पोस्टमनसुद्धा ओळखायला लागलाय.

माझं मात्र काहीतरी फिसकटलंय. जूनच्या दुसऱ्या रविवारपासून अंगठा पुन्हा उठायला लागला. फेब्रुवारीइतका नाही, पण भिंगाशिवाय दिसतो. मला वाटलं पट्ट्या बदलल्या, नवीन पोलाद हलकं असेल. जुन्या पोलादाची काढून पाहिली. तोच गंज. ओला कापूस बदलला. डबा बदलला. सकाळी छातीतला गोंदही परत चिकट झालाय, अर्धा तास पाठीवर थापा मारून घ्याव्या लागतात.

गोळी एकही चुकलेली नाही. सकाळची माझी, संध्याकाळची तुझी. घड्याळात काही न बदलता ते मागे पडायला लागलं तर मी चक्र-चक्र सुटं करून बघतो. स्वतःला कुठून उघडू?

तुझं कसं आहे? तू ठीक असशील तर माझं मला निभावता येईल.

घड्याळदादा


१५ जुलै

दादा,

काळजी नको करूस. हवा बदललीय, सगळ्यांनाच खोकला आहे. आमच्या कंडक्टर लोकांनाही. मनाला लावून घेतलंस की छाती अजून आवळते, तूच सांगायचास.

मी छान आहे. सहा फलाट होतात, कधी सात! साहेबांनी टेपची गोष्ट परत काढली नाही. तू म्हणतोस ना, पट्टी पट्टी, म्हणून मी तू दिलेल्या कोऱ्यांतल्या उरलेल्या पट्टीवर परत अंगठा दाबून बघितला. पाठवतेय. हलकासा आहे, पण बघ ना किती फिका! मला इतका आनंद झाला की तुला कधी दाखवते असं झालं.

महिनाअखेरीला शेवटची तपासणी. नीट फुंक. "अजून, अजून, सोडू नका!"

भोंगा


११ ऑगस्ट

मी काल निकाल घेऊन आलो. घामाचा आकडा चौऱ्याहत्तर. फुंकणी एक्कावन्न. डॉक्टरीणबाईंनी बंद पाकीट उघडलं. माझ्या बाटलीत सहाही महिने खरं औषध होतं. त्या म्हणाल्या, "सुरुवात इतकी सुंदर झाली होती हो तुमची. पण टिकलं नाही." माझं नाव कमी झालं. बाटली परत घेतली.

बसमध्ये खिडकीपाशी बसून मी हिशेब करत होतो. हिशेब सोपा आहे, तूही कर. माझ्या बाटलीत खरं औषध. तुझ्या बाटलीत साध्याच असणार, नाहीतर माझा आकडा चढलाच नसता. म्हणजे वाटणीप्रमाणे मला रोज सकाळी खरी गोळी आणि संध्याकाळी साधी. सहा महिने अर्धं औषध. मग आकडाही सहा महिने एकच हवा. मे महिन्यात सेहेचाळीस आणि आता चौऱ्याहत्तर, असं कसं?

अर्ध्याचा आकडा चौऱ्याहत्तर आहे. सेहेचाळीस पूर्ण औषधाचा होता. पहिले तीन महिने माझ्या संध्याकाळच्या गोळ्याही माझ्याच होत्या. मी रुमालात गुंडाळून पाठवायचो आणि तू सुंदर पुड्या बांधून त्याच मला परत करायचीस.

तरी मी स्वतःला समजावत होतो. म्हटलं, माझंच काही चुकत असेल. घरी आलो आणि दुकानात टांगलेल्या तुझ्या दोन पट्ट्या खाली काढल्या. मे महिन्याची आणि जुलैची. भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवल्या. मेच्या अंगठ्यात मधोमध भोवरा आहे. जुलैच्या अंगठ्यात भोवरा नाहीच, रेघा एका बाजूने येतात आणि त्याच बाजूला वळून जातात. माणसाचा घाम बदलतो. अंगठा बदलत नाही.

मे महिन्यात तू मला कुणाचा अंगठा पाठवलास?

मला गोळ्यांचं इतकं वाईट वाटलं नाही जितकं त्या पट्टीचं वाटलं. ती मी अडीच महिने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवत होतो. "ही माझ्या बहिणीची," असं सांगत होतो. केसाने गळा कापणं म्हणतात ते मी आजवर फक्त ऐकलं होतं.

उत्तर दे.


२८ ऑगस्ट

दादा,

तुला दादा म्हणायचा हक्क आहे की नाही माहीत नाही, पण दुसरं काय म्हणू ते सुचत नाही.

तो अंगठा माझ्या धाकट्या बहिणीचा, तिला आपला आजार नाही. तिला मी सांगितलं होतं की दुकानातून आलेलं काहीतरी खेळणं आहे.

सगळं सांगते. तुझी पहिली पुडी आली, त्यातली एकही खाल्ली नव्हती, त्याच आठवड्यात मला बरं वाटायला लागलं होतं. भूक लागली, पाच फलाट झाले. मला पक्कं वाटलं, खरं औषध माझ्याच बाटलीत आहे. मग माझ्यातलं अर्धं काढून पाठवायला हात होईना. तीस मोजून बाजूला ठेवल्या होत्या, शपथ. आणि मग वाटलं, दादाच्या गोळ्या नाहीतरी खडू आहेत, त्याच त्याला परत दिल्या तर त्याचं काय जातंय? तो आहे तिथेच राहील, मी तरी वाचेन. तीन महिने मी तुला लुटतेय असं समजून लुटत होते. टपालपेटीशी उभं राहून दर वेळी पाकीट मागे घ्यायचे आणि दर वेळी टाकायचे.

मग तुझी चकचकीत पट्टी आली. माझी चार दिवसांनी काढली तर अंगठा असा तांबडा की बघवेना. घामाचा आकडा बावन्न नव्हता, एकशे तीन होता. खडू मी खात होते. बरं वाटत होतं ते सगळं मनाचं. तेव्हा कळलं, औषध तुझ्या गोळ्यांत होतं आणि मी ते तीन महिने बिनबोभाट पोस्टाने परत पाठवत होते.

तिथून पुढे मी वाटणी पाळली, दादा. सकाळची माझी, संध्याकाळची तुझी, आणि माझ्या तीस तुला. अगदी ठरल्याप्रमाणे. मी खरं वागायला लागले आणि त्यानेच तुझं नाव गेलं. याच्यावर मला हसावं की रडावं कळत नाही. मी रडतेच.

माझं पाकीटही उघडलं. साध्या गोळ्या. एक तारखेपासून मला पूर्ण औषध मिळणार आहे.

पण आधी मी डॉक्टरीणबाईंना सांगणार आहे. सोमवारी जाते. आम्ही दोघांनी गोळ्या वाटल्या, त्याचा आकडा म्हणून वर गेला, त्याला पुन्हा मोजा, असं सगळं सांगते. माझं नाव गेलं तर जाऊ दे. एवढं तरी मला करू दे.

तुझीच
भोंगा


२० ऑक्टोबर

तुझा सोमवार होऊन सात आठवडे झाले.

पहिले दोन आठवडे मी रोज टपालाची वाट बघितली. तिसऱ्या आठवड्यात म्हटलं, रजा मिळाली नसेल. चौथ्यात मीच दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंना विचारलं, माझ्याबद्दल कुणी काही सांगायला आलं होतं का? त्या म्हणाल्या, "कोण येणार होतं?"

मग मीच सांगितलं. शेवटचे तीन महिने मी अर्ध्याच गोळ्या घेतल्या, म्हणून आकडा वर गेला, तुमच्या कागदावर औषधाला नावं ठेवू नका. चुकीचं चालणारं घड्याळ मला गिऱ्हाइकाच्या हातात देववत नाही. उद्या माझा आकडा बघून कुणी तिसऱ्यालाच औषध नाकारलं तर? त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या, खूप रागावल्या, आणि मग विचारलं, "बाकीच्या गोळ्या कुणाला दिल्या?"

मी म्हटलं, ते माझ्याकडून कळणार नाही.

त्या म्हणाल्या, "ज्याला दिल्या त्याने येऊन सांगितलं तर मी तुमचे तीन महिने पुन्हा मोजायला लावीन. एकट्या तुमच्या शब्दावर मला ते करता येणार नाही." माझं लक्ष त्यांच्या मेजावरच्या घड्याळाकडे गेलं. चार मिनिटं मागे होतं. तेही सांगितलं नाही.

तुझं नाव मी घेतलं नाही. हे तुझ्यावर उपकार म्हणून समजू नकोस. ते नाव तू घ्यायचं होतंस. माझ्या तोंडून ते चहाडी झालं असतं, तुझ्या तोंडून खरं.

काल मी तुझ्या बस स्थानकावर आलो होतो. वर काचेच्या खोलीत तू दिसत होतीस. मी खाली, पाण्याच्या टाकीपलीकडे उभा होतो, नियमापेक्षाही चांगलं लांब. वर येणार होतो. तोंडावर विचारणार होतो की सोमवारी काय झालं. पायऱ्यांपर्यंत आलो तर दम लागला, म्हणून कठड्याला धरून थांबलो. तेवढ्यात भोंगा सुरू झाला.

"एक क्रमांकाच्या फलाटावर लागलेली गाडी." आवाज मोकळा, कुठे खरखर नाही. मी सवयीने मोजायला लागलो. तीनवर थांबली नाहीस. पाच झाले, सात झाले. एका श्वासात नऊ फलाट, आणि मग जो श्वास घेतलास तोही ऐकू आला नाही. माझ्या शेजारच्या बाई कुणाला तरी म्हणाल्या, "नवीन टेप लावलेली दिसते." मला सोमवारचं उत्तर मिळालं. माणसाला एवढा श्वास परत मिळाल्यावर त्याने तो जाऊन डॉक्टरांच्या मेजावर ठेवावा, ही माझी अपेक्षाच जरा जास्त होती.

सोबत तुझ्या दोन पट्ट्या परत पाठवतोय. एक तुझ्या बहिणीची, तिला देऊन टाक. आता पत्र पाठवू नकोस.

माझ्या गावची गाडी सहा क्रमांकाच्या फलाटावरून होती. तू ते इतकं स्पष्ट सांगितलंस की मला कुणाला विचारावं लागलं नाही.

घड्याळं दुरुस्त करणारा